नवीन ग्राफिक्स कार्ड टाकलं आणि डिस्प्ले येत नाही

जुन्या डेस्कटॉपमध्ये नवीन ग्राफिक्स कार्ड बसवलं, बटण दाबलं, पंखे फिरले, कॅबिनेटमधले दिवे लागले आणि मॉनिटरवर 'नो सिग्नल'. अशा वेळी 'कार्ड डेड आलं' हा निकाल पहिल्या पाच मिनिटांत दिला जातो. तो द्यायची घाई करू नका. कार्ड खरोखर मेलेलं असणं ही शक्यता यादीत बरीच खाली येते. तिच्या आधी केबल, वीज, बायोस (मशिन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) आणि ड्रायव्हर (कार्ड चालवणारा विंडोजमधला प्रोग्रॅम) यांची तपासणी व्हायला हवी, आणि तीही याच क्रमाने.

'डिस्प्ले येत नाही' या एका तक्रारीत निदान चार वेगळे बिघाड असू शकतात. म्हणून स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी एवढंच बघा: पडदा नेमका कधी काळा होतो? बटण दाबल्यापासून बोर्डाच्या कंपनीचा लोगोसुद्धा दिसत नसेल, तर दोष केबल, वीज, स्लॉट किंवा बायोस यांच्यात आहे. लोगो दिसतो, पण विंडोज सुरू होताना ठिपक्यांची फिरकी संपली की अंधार होत असेल, तर ड्रायव्हर. विंडोज उघडतं पण अक्षरं धूसर, रंग फिके, रिफ्रेश रेट (सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं तो आकडा) ६० हर्ट्झवर अडकलेला, तर केबलची क्षमता किंवा सेटिंग. आणि सगळं छान चालतं, फक्त गेम सुरू केला की पडदा जातो, तर एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज देणारा डबा) किंवा उष्णता.

ही विभागणी केली की निम्मी कामं वाचतात. लोगो दिसला याचा अर्थ कार्ड, स्लॉट आणि केबल निदान साध्या कामापुरती ठीक आहेत, त्यामुळे कार्ड दहा वेळा काढून घालण्यात काही अर्थ नाही. उलट लोगोच येत नसेल तर विंडोज फॉर्मॅट करून काडीचाही फरक पडणार नाही. तरीही लोक दोन्ही करतात, आणि काही दुरुस्तीवाले त्याचे पैसेही घेतात.

पडदा काळा असताना मशिन आतून चालू आहे की नाही हे कीबोर्डवरून कळतं. नम-लॉकचं बटण दाबा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर प्रोसेसर आणि रॅम काम करताहेत, फक्त चित्र बाहेर पोचत नाही. दिवा ढिम्म असेल तर मशिन त्याही आधी अडकलंय, आणि मग संशय ग्राफिक्स कार्डापुरता ठेवून चालणार नाही.

लोगोच दिसत नसेल तर

सगळ्यात आधी कॅबिनेटच्या मागे बघा. मॉनिटरची केबल अजून मदरबोर्डच्या पोर्टातच आहे का? कार्ड बसवलं की बरेच बोर्ड प्रोसेसरमधली अंगभूत ग्राफिक्स आपोआप बंद करतात, मग वरच्या पोर्टातून काहीच येत नाही. मदरबोर्डचे पोर्ट उभ्या पट्टीत यूएसबीच्या शेजारी असतात. कार्डाचे त्याखाली, आडवे. केबल कार्डाच्याच पोर्टात हवी. ऑफिसातून निघालेल्या काही डेल मशिनांवर चुकीच्या जागी केबल राहिली तर तसा संदेशच येतो. असेंबल्ड मशिनवर ती चैन नाही.

प्रोसेसरही बदलला असेल तर त्याचं पूर्ण नाव वाचा. इंटेलच्या ज्या नावाच्या शेवटी 'एफ' आहे, उदाहरणार्थ आय-५ १२४००एफ, त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते. एएमडीच्या रायझन ५ ५६०० मध्येही नसते. ५६००जी मध्ये असते. ७००० मालिकेपासून रायझनच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांत छोटी ग्राफिक्स आली, पण ७५००एफ सारखे अपवाद आहेत. अशा मशिनमधून कार्ड काढून 'बोर्डवर लावून बघू' ही चाचणी होऊच शकत नाही. तिथे काळा पडदाच दिसणार, आणि त्यावरून बोर्ड मेला असा दुसरा चुकीचा निष्कर्ष निघणार.

मॉनिटरचा इनपुट हाताने निवडा. 'ऑटो'वर भरवसा ठेवू नका, कारण काही मॉनिटर जुन्या व्हीजीएवरच सिग्नल शोधत बसतात. दोन मॉनिटर किंवा मॉनिटर आणि टीव्ही जोडलेले असतील तर एकच ठेवा. सुरुवातीचं चित्र कार्ड स्वतःच्या पसंतीने एखाद्याच पोर्टावर पाठवतं, आणि ते नेमकं हॉलमधल्या बंद टीव्हीकडे जात असू शकतं.

आता कन्व्हर्टर. जुना मॉनिटर फक्त व्हीजीएवाला आणि नवीन कार्डावर एचडीएमआय व डिस्प्लेपोर्ट, ही आपल्याकडची नेहमीची जोडी. व्हीजीए अॅनालॉग आहे, त्यामुळे मधे खरोखर चिप असलेला कन्व्हर्टर लागतो. नुसत्या तारा जोडलेली केबल चालणार नाही. डीव्हीआयमध्ये आणखी एक मेख आहे. डीव्हीआय-आय पोर्टात लांब चपट्या पिनेभोवती चार छोट्या पिना असतात, त्यांतून अॅनालॉग सिग्नल निघतो. एनव्हिडियाच्या जीटीएक्स १० मालिकेपासून चिपमधूनच अॅनालॉग सिग्नल गेला. त्या कार्डांवर डीव्हीआय दिसलं तरी ते डीव्हीआय-डी असतं, चार पिनांची जागा कोरी. जुना पन्नास रुपयांचा डीव्हीआय-व्हीजीए जोड तिथे बसत नाही, आणि पिना मोडून बसवला तरी चित्र येत नाही.

डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय हा जोड एकाच दिशेने चालतो. कार्डावर डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरवर एचडीएमआय असेल तर साधी केबल पुरते. उलट, म्हणजे कार्डावर एचडीएमआय आणि मॉनिटरवर फक्त डिस्प्लेपोर्ट असेल, तर यूएसबीतून वीज घेणारा सक्रिय कन्व्हर्टरच हवा. पाकिटावर बाण छापलेला असतो. तो कुणी वाचत नाही.

डिस्प्लेपोर्टच्या स्वस्त केबलींची एक खास खोडी आहे. या केबलीतली विसावी पिन मॉनिटर आणि कार्ड यांच्यात जोडलेली नसावी असा मानकाचा नियम आहे, कारण त्या पिनेवर दोन्ही बाजूंना ३.३ व्होल्ट असतात. काही हलक्या केबलींत ती तार ओढलेली असते. मग मॉनिटरची वीज मागच्या दाराने कार्डात शिरते: मशिन बंद असताना एखादा दिवा मंद जळत राहतो, बटण दाबल्यावर मशिन सुरू होत नाही, किंवा मॉनिटरचा प्लग काढून परत लावल्यावरच लोगो दिसतो. ही लक्षणं दिसली की केबल बदला, कार्डाच्या वाटेला जाऊ नका.

मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूतही डिस्प्लेपोर्टचे दोन पर्याय असतात. 'डीपी डीप स्लीप' असेल तर बंद करा. डिस्प्लेपोर्टची आवृत्ती निवडता येत असेल तर तपासापुरती १.४ वरून १.२ करा. जीटीएक्स ९०० आणि १० मालिकेच्या काही कार्डांत डिस्प्लेपोर्ट १.३ किंवा १.४ च्या मॉनिटरवर विंडोज उघडेपर्यंत पडदा काळा राहतो. त्यासाठी एनव्हिडियाने २०१८ मध्ये फर्मवेअर अपडेटचं वेगळं साधन काढलं. ते चालवेपर्यंत एचडीएमआय किंवा डीव्हीआयवर काम भागवा.

बसवण्यातली चूक

केबली निर्दोष निघाल्या तरच कॅबिनेट उघडा. प्लग काढा, मग पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे कपॅसिटरमध्ये उरलेली वीज निघून जाईल. कार्ड प्रोसेसरच्या सर्वांत जवळच्या लांब स्लॉटात असावं. खालचा स्लॉट दिसायला तेवढाच लांब असला तरी आत बहुधा चारच लेनच्या (डेटाच्या मार्गिकांच्या) तारा असतात.

स्लॉटच्या टोकाची कडी 'टक' वाजून बसली का ते बघा. ती बसली तरी काम संपत नाही. स्वस्त कॅबिनेटांचा पत्रा वाकडा असतो; कार्डाची लोखंडी पट्टी मागे स्क्रूने आवळली की कार्डाचं दुसरं टोक स्लॉटातून केसभर वर उचललं जातं. त्यामुळे चाचणी घेताना पट्टीचा स्क्रू न लावता, कार्ड हाताने सरळ बसवून मशिन चालू करा. चित्र आलं तर पत्रा वाकवा किंवा बोर्डाखालच्या पितळी पायांची उंची तपासा. जड कार्ड असेल तर कॅबिनेट आडवं ठेवून बघणं हीसुद्धा चांगली चाचणी आहे.

कार्ड बसवताना हाताचा धक्का रॅमला लागणं ही नित्याची बाब. बऱ्याच बोर्डांवर रॅमच्या कड्या आणि कार्डाची पाठ यांच्यात जेमतेम बोटभर जागा असते. रॅमच्या पट्ट्या काढून परत दाबून बसवा. दोन पट्ट्या आणि चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा. सोनेरी दात काळवंडले असतील तर मऊ खोडरबराने हलके घासा, चुरा पूर्ण झटका. सँडपेपर चुकूनही नको.

नव्या बोर्डांवर चार छोटे दिवे असतात: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. जो दिवा जळत राहतो तिथे मशिन अडकलंय. व्हीजीएचा दिवा राहिला तर कार्डाकडे बघा. डीरॅमचा राहिला तर कार्ड बाजूला ठेवून रॅम सोडवा. डीडीआर५ रॅमच्या नव्या मशिनवर मात्र घाई करू नका. पहिल्यांदा चालू करताना, किंवा बायोस रीसेट केल्यावर, बोर्ड रॅमची जुळवणी करतो आणि त्यात कित्येक मिनिटं पडदा काळाच राहू शकतो. या वेळेत बटण दाबून मशिन बंद केलं की जुळवणी पुन्हा पहिल्यापासून. दिवे नसलेल्या बोर्डावर चार पिनांचा छोटा बीप स्पीकर लावा. एक लांब आणि दोन किंवा तीन आखूड बीप म्हणजे बहुधा ग्राफिक्सची तक्रार. नेमका अर्थ बोर्डाच्या पुस्तिकेतून ताडून घ्या.

वीज

पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटातून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. सहा पिनांच्या जोडणीतून आणखी ७५, आठ पिनांच्या जोडणीतून १५०. आरटीएक्स ३०५० ची ६ जीबीवाली आवृत्ती ७० वॉटची, म्हणून तिला सहसा वेगळी जोडणी लागत नाही. आरटीएक्स ४०६० ११५ वॉटचं, आरटीएक्स ३०६० १७० वॉटचं; त्यांना लागते. जोडणी राहून गेली तर एनव्हिडियाची अनेक कार्डं पडद्यावरच 'वीज जोडा' असा इंग्रजी संदेश देतात, काहींवर जोडणीशेजारी लाल दिवा लागतो, आणि काही कार्डं पंखे पूर्ण वेगाने फिरवून गप्प बसतात.

आठ पिनांच्या दोन जोडण्या असतात आणि त्यांची अदलाबदल करणं धोक्याचं आहे. प्रोसेसरची जोडणी ४+४ अशी तुटते, ग्राफिक्सची ६+२ अशी. प्रोसेसरच्या जोडणीत क्लिपकडच्या तारा १२ व्होल्टच्या, ग्राफिक्सच्या जोडणीत क्लिपकडच्या तारा ग्राउंडच्या. पिनांचे आकार वेगळे ठेवलेत ते याचसाठी. जोर लावून बसवली तर सरळ शॉर्ट होतो. तसंच मॉड्युलर (केबली सुट्या होणाऱ्या) एसएमपीएसच्या केबली एका कंपनीच्या दुसऱ्या कंपनीला लावू नका. कार्डाच्या बाजूचं टोक सारखं असतं, एसएमपीएसच्या बाजूचा क्रम सारखा असेलच असं नाही. जुनी केबल 'बसते की' म्हणून वापरल्याने बोर्ड आणि डिस्क एका झटक्यात जातात.

एसएमपीएसच्या खोक्यावरचा मोठा आकडा विसरा. बाजूच्या लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते वाचा आणि १२ ने गुणा. ठळक अक्षरांत ४५० लिहिलेल्या पण १२ व्होल्टवर १८ अँपिअर देणाऱ्या डब्याची खरी ऐपत २१६ वॉटची. आरटीएक्स ३०६० चे १७० आणि आय-५ १२४००एफ चे टर्बोवर ११७, हीच बेरीज २८७ होते, म्हणजे सुमारे २४ अँपिअर. पंखे, डिस्क आणि बोर्ड वेगळे. नव्या कार्डांचा खप क्षणभर याच्याही वर उसळतो, म्हणून एनव्हिडिया या कार्डाला ५५० वॉटचा एसएमपीएस सुचवते. कॅबिनेटबरोबर 'फुकट' आलेला डबा इथे चालणार नाही. त्यात विकणाऱ्याची चलाखी शोधायची गरज नाही, गणितच बसत नाही.

जोडणी नाही म्हणून साटाच्या (डिस्कला वीज देणाऱ्या) प्लगवरून सहा पिना काढणारा जोड बाजारात मिळतो. साटाचा वीजप्लग १२ व्होल्टवर ४.५ अँपिअरचा, म्हणजे ५४ वॉटचा. त्यावर ७५ वॉटांची जोडणी टांगली तर प्लास्टिक वितळतं. ऑफिसातून निघालेल्या छोट्या डेस्कटॉपांत हा प्रकार फार चालतो. डेल ऑप्टिप्लेक्स ७०१० च्या छोट्या कॅबिनेटमध्ये २४० वॉटचा एसएमपीएस आहे आणि ग्राफिक्सची जोडणीच नाही. अशा मशिनला ७५ वॉटच्या आतलं, जोडणी न लागणारं, अर्ध्या उंचीचं कार्ड घ्यायचं, आणि विषय तिथेच संपवायचा.

बायोस आणि पिढ्यांचं जमत नाही तेव्हा

केबल, स्लॉट, वीज ठीक असूनही लोगो नसेल तर सीएमओएस (बायोसची साठवलेली सेटिंग्ज) रीसेट करा. प्लग काढून बोर्डावरचा सीआर२०३२ सेल पाचेक मिनिटं बाहेर ठेवा, किंवा पुस्तिकेत दाखवलेल्या दोन पिना स्क्रू-ड्रायव्हरने काही सेकंद जोडा. जुन्या मशिनमध्ये सेल बदलूनच टाका.

पण थांबा. बायोसशी खेळण्याआधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) चालू आहे का ते तपासा. विंडोज ११ असलेल्या बऱ्याच मशिनांत ड्राइव्हचं एन्क्रिप्शन मालकाला पत्ता नसताना चालू असतं. सिक्युअर बूट (सही असलेलंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय), टीपीएम (किल्ल्या जपणारी सुरक्षा चिप) किंवा बूटची पद्धत बदलली की पुढच्या वेळी विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. आधी काढून कागदावर लिहा. जुनं कार्ड परत लावून हे करता येत असेल तर तसंच करा. डिस्प्ले परत आला पण डेटा कुलूपबंद झाला, हा सौदा महाग आहे.

आता खरी भानगड. जुने बोर्ड लेगसी पद्धतीने सुरू होतात, नवे यूईएफआयने. दोन्हींना सांभाळून घेणारी सोय म्हणजे सीएसएम. साधारण २०१२ पूर्वीच्या कार्डांत, जसं जीटी २१० किंवा एचडी ५४५०, यूईएफआयला समजणारा भाग नसतो. ती कार्डं सीएसएम बंद असलेल्या नव्या बोर्डात घातली की बीप वाजतात आणि पडदा काळा राहतो. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर तिच्यावर चित्र आणून सीएसएम चालू करा. ग्राफिक्स नसेल तर एखादं थोडं नवं कार्ड उसनं आणावं लागेल.

उलट बाजूने, नव्या कार्डाचा पूर्ण वेग हवा म्हणून रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू करायला जाल तर सीएसएम बंद करावा लागतो. इंटेलच्या आर्क कार्डांना तर रिसायझेबल बार नसेल तर वेग चांगलाच पडतो. सीएसएम बंद केल्यावर लोगो दिसतो, पण 'बूट डिव्हाइस नाही' असा संदेश आला, तर कार्डाचा दोष नाही: विंडोज जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर आहे, आणि यूईएफआयला जीपीटी पद्धतीची लागते. सीएसएम परत चालू करून विंडोजमध्ये जा, बॅकअप घ्या, आणि विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून सोबत येणारं एमबीआर-टू-जीपीटी हे साधन आधी 'व्हॅलिडेट'च्या पर्यायाने चालवा. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील तर ते नकार देतं. पास झालं की रूपांतर करा, आणि लगेच पुढच्याच रीस्टार्टला बायोसमध्ये सीएसएम बंद करा.

प्रोसेसर बदलला असेल तर बोर्डाच्या बायोसची आवृत्ती त्याला ओळखते का ते बोर्डाच्या संकेतस्थळावर बघा. बी४५० बोर्डांवर रायझन ५००० ला, बी६६० वर इंटेलच्या तेराव्या पिढीला नवी आवृत्ती लागते. बोर्डावर फ्लॅशबॅकचं (पेनड्राइव्हवरून थेट बायोस भरणारं) बटण असेल तर प्रोसेसर न लावताही अपडेट होतं: फॅट३२ मध्ये फॉर्मॅट केलेला पेनड्राइव्ह, पुस्तिकेत सांगितलेलं फाइलचं नाव, आणि खूण केलेला तोच यूएसबी पोर्ट. रायझन बदलल्यावर पहिल्या वेळी एफटीपीएम (प्रोसेसरमधलं टीपीएम) रीसेट करायचं का, असा प्रश्न येतो. तिथेही बिटलॉकरची की हाताशी हवी.

काचेच्या कॅबिनेटमध्ये कार्ड उभं लावण्यासाठी रायझर केबल वापरली असेल तर तिची पिढी तपासा. पीसीआय एक्स्प्रेस ३ ची रायझर, ४ चं कार्ड आणि ४ चा बोर्ड अशा जोडीत दोघं वरच्या वेगाने बोलायला जातात आणि केबल ते पेलत नाही. कधी लोगो येत नाही, कधी गेममध्ये पडदा जातो. बायोसमध्ये स्लॉट 'ऑटो'वरून जेन ३ वर ठेवा. बहुतेक गेममध्ये फरक जाणवत नाही.

लोगो येतो, विंडोज येत नाही

इथे कॅबिनेट बंदच राहू द्या. आधी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि पडदा लुकलुकून चित्र येतं का ते कळतं. मग विंडोज आणि पी; चित्र दुसऱ्या, न जोडलेल्या पडद्यावर गेलेलं असू शकतं.

नाही जमलं तर सेफ मोड. विंडोज सुरू होत असताना पॉवर बटण दाबून तीनदा बंद केलं की दुरुस्तीचा निळा पडदा येतो. तिथून ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि मग ४ चा आकडा. सेफ मोडमध्ये चित्र आलं की ड्रायव्हरच दोषी. विशेषतः एएमडीकडून एनव्हिडियाकडे किंवा उलट गेलात तर जुन्याचे अवशेष नव्याशी भांडतात. डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर हे फुकट साधन आधीच पेनड्राइव्हवर घ्या, इंटरनेटची वायर काढा, सेफ मोडमध्ये जुना ड्रायव्हर साफ करा, आणि आधीच डाउनलोड केलेला नवा टाका. वायर काढायची कारण नाहीतर विंडोज अपडेट मधेच स्वतःच्या पसंतीचा ड्रायव्हर बसवून मोकळं होतं. लिनक्सवर हेच काम ग्रबमध्ये (सुरुवातीच्या मेनूत) ई दाबून कर्नलच्या ओळीला 'नोमोडसेट' जोडून सुरू करा. सिक्युअर बूट चालू असेल तर एनव्हिडियाचं मोड्यूल सही न झाल्याने लोड होत नाही, तेही बघा.

चित्र येतं, पण धड नाही

१४४ हर्ट्झचा मॉनिटर ६० वर चालतो तेव्हा आधी सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, अॅडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जा. विंडोज तो आकडा स्वतःहून वर नेईलच असं नाही. पर्यायच दिसत नसेल तर केबल. एचडीएमआय १.४ वर ४के चं चित्र ३० हर्ट्झलाच जातं, २.० वर ६० पर्यंत. २५६० बाय १४४० चं चित्र १४४ हर्ट्झवर न्यायला सेकंदाला सुमारे १४ गिगाबिट लागतात, म्हणजे डिस्प्लेपोर्ट १.२ पुरतो, एचडीएमआय १.४ पुरत नाही. मॉनिटरच्या खोक्यातली एचडीएमआय केबल वापरून वर्षानुवर्षं ६० हर्ट्झवर खेळणारे कमी नाहीत.

टीव्ही जोडला असेल तर कडा कापल्या जातात. टीव्हीच्या मेनूत 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' निवडा. काळा रंग राखाडी दिसत असेल तर ड्रायव्हरमध्ये आउटपुट 'लिमिटेड'वरून 'फुल' करा. लाल-निळ्या अक्षरांच्या कडा फाटल्यासारख्या दिसल्या तर टीव्हीवर त्या इनपुटला 'पीसी' असं नाव द्या.

टीव्हीची केबल लावताना मात्र सांभाळून. घरात अर्थिंग नसेल तर एसएमपीएसमधल्या फिल्टरमुळे कॅबिनेटच्या पत्र्यावर निम्म्या मेन्सएवढा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास ताण येतो. प्रवाह नगण्य असतो, हाताला झिणझिण्या येतात तेवढंच. पण दुसऱ्या टोकाला केबलवाल्याच्या तारेतून जमिनीला जोडलेला टीव्ही असेल तर चालू मशिनमध्ये एचडीएमआय खोचताना ठिणगी पडते आणि पोर्ट उडतं. दोन्ही प्लग काढून केबल जोडा, आणि इलेक्ट्रिशियनला बोलावून तिसऱ्या पिनेची वायर खरंच कुठे जाते ते बघून घ्या.

अधूनमधून क्षणभर पडदा काळा होऊन परत येत असेल तर केबल लांब किंवा हलकी असण्याची शक्यता मोठी. खुर्चीवरून उठलं की पडदा जातो, ही तक्रारही खरी असते: गॅसच्या खुर्चीतून निघणारा स्थिर विजेचा झटका कमी आवरणाच्या केबलीत शिरतो.

गेम सुरू केला की अंधार

आवाज चालू राहतो आणि फक्त पडदा जातो, की अख्खं मशिन रीस्टार्ट होतं? आवाज चालू असेल तर इव्हेंट व्ह्यूअर उघडा. ४१०१ क्रमांकाची नोंद म्हणजे ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं. विंडोज त्याला मूळ सेटिंगमध्ये दोन सेकंद देतं. मशिनच बंद पडलं असेल तर कर्नल-पॉवर ४१ दिसेल, आणि ते बहुधा एसएमपीएसचं काम. ड्रायव्हरच्या पॅनलमधून कार्डाची वीजमर्यादा ७० टक्क्यांवर आणून तोच गेम खेळा. पडदा टिकला तर एसएमपीएस बदला. घरच्या यूपीएसवरही नजर टाका: ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटचा असतो, आणि लाइट गेल्याक्षणी गेम चालू असेल तर तो हात टेकतो.

सेकंडहँड कार्ड

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून ऑनलाइन जाहिरातींपर्यंत स्वस्तात मिळणाऱ्या 'जीटीएक्स १०५० टीआय' कार्डांत एक जुनी फसवणूक आहे. जीटीएस ४५० किंवा जीटीएक्स ५५० टीआय सारख्या कितीतरी जुन्या चिपवर खोटा बायोस भरलेला असतो. विंडोज नाव बरोबर दाखवतं, लोगोही येतो, पण एनव्हिडियाच्या संकेतस्थळावरचा ड्रायव्हर टाकला की पडदा काळा पडतो किंवा डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड ४३ येतो. ओळखायची सोपी खूण मागच्या पट्टीवरच असते: निळा व्हीजीए पोर्ट. अस्सल १०५० टीआयच्या चिपमधून व्हीजीएचा सिग्नल निघतच नाही. जीपीयू-झेड हे साधन २०१८ पासून अशी बरीच कार्डं ओळखून नावापुढे 'फेक' असं लिहितं. पैसे देण्याआधी विकणाऱ्याच्याच मशिनवर ते चालवायला सांगा.

एवढं करून लोगो आलाच नाही, तर कार्ड दुसऱ्या, पुरेशा एसएमपीएसच्या मशिनमध्ये लावून बघा, आणि या मशिनमध्ये दुसरं चालतं कार्ड. दोन्ही चाचण्या झाल्याशिवाय परत पाठवू नका. दोन्हींत कार्डच नापास झालं तर ते वॉरंटीला द्या. सीरियल क्रमांकाचं स्टिकर आणि स्क्रूवरचं सील शाबूत ठेवा, कारण उष्णता कमी करायला म्हणून आधीच पेस्ट बदलायला उघडलेलं कार्ड अनेक ठिकाणी स्वीकारत नाहीत.